रघुरामांचं नाक

माझे यजमान रघुराम यांचं नाक चार वर्षांपूर्वी गेलं, आणि मला ते गेल्या आवणी या तमिळ महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कळलं. चार वर्षं एका घरात राहून! तेही मला, जिने तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि फळ्याकडे तोंड असताना कुठल्या बाकावर अमोनिया सांडलाय ते सांगितलं. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहून काढते. देवनागरी मला येते, कारण माझ्या वडिलांनी छडी घेऊन शिकवली. आमच्या तंजावूरच्या गल्लीत घरोघरी मराठी बोलतात, पण वाचता फारसं कुणाला येत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

नाक गेलं म्हणजे वास येणं बंद झालं. नाक जागेवर आहे, चांगलं लांबच्या लांब आहे.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर जेवणाची चव गेली म्हणून हळहळून सोडून दिलं असतं. पण रघुरामांचं पोट त्या नाकावर चालतं. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमचं घर आहे आणि घराला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे ते नळ्या वाकवतात. ब्रेकच्या, ऑइलच्या, पण मुख्यतः पेट्रोलच्या, आणि त्याही जुन्या मोटारींच्या, ज्यांच्या नळ्या आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. तिरुच्चीहून, कुंभकोणमहून, पुदुक्कोट्टैहून लोक येतात. नळी वाकवणारे तिकडेही आहेत. पण रघुरामांची एक पद्धत आहे. नळी बसवली, टाकी भरली, की रात्रभर गाडी शेडमध्ये कोंडायची आणि फटींत गोणपाट खुपसायचं. सकाळी गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर दार वीतभर उघडायचं, त्या फटीत नाक घालायचं, डोळे मिटून तीन श्वास घ्यायचे आणि म्हणायचं, "सरी." सरी म्हणजे ठीक. एवढ्या एका शब्दावर माणसं बायकापोरांना गाडीत बसवून निघून जात. कुठे जरा झिरपत असलं तर त्यांना कळे, आणि कुठल्या सांध्यातून तेही बहुतेक वेळा कळे.

एकवीस सालच्या मे महिन्यात आम्हा दोघांनाही कोरोना झाला. मी दहा दिवसांत उठले. रघुरामांचा ताप गेला, खोकला गेला, वास मात्र परत येईना. दोन महिन्यांनी एका सकाळी कॉफीचा पेला हातात घेऊन ते म्हणाले, "आज कापीचा वास आला." मी देवापुढे गूळ ठेवला आणि शेजारीपाजारी सांगून आले.

ते खोटं होतं. पेट्रोलचा वास न येणाऱ्या माणसाकडून पेट्रोलची नळी कोण करून घेईल, हा त्यांचा एक हिशोब. बायकोला सांगितलं तर गल्लीभर होईल, हा दुसरा. दुसरा हिशोब अगदीच चुकीचा नव्हता.

त्यानंतर नळी बसवली की ते प्रत्येक सांध्याभोवती पांढरा पातळ कागद गुंडाळून ठेवू लागले. कागद ओला झाला की सांधा गळतोय. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "डोळ्यांचेंही एक मत असूं दे." मला ते पटलं. शास्त्र शिकवणाऱ्या बाईला दोन पुरावे नेहमीच पटतात. शिवाय हात पक्का होता, चार वर्षांत एकही नळी गळली नाही. रोज सकाळी फटीत नाक घालणं, डोळे मिटणं, तीन श्वास, सरी, हे सगळं पूर्वीसारखंच चाललं. रोज सकाळी माझ्या कॉफीला आणि दुपारी माझ्या साराला "वास छान आहे" हेही चाललं.

मग ओरत्तनाडूहून शिवराज आपली जुनी हेराल्ड मोटार घेऊन आला. शिवराज तिथल्या कॉलेजात शिकवतो, पंचेचाळिशीचा असेल, आमच्यापैकीच. गाडी त्याच्या वडिलांची. वडील गेल्यावर पंधरा वर्षं भाताच्या कोठारात उभी होती. त्याने ती खर्च करून चालू केली, पण सहा महिन्यांत पेट्रोलच्या रबरी नळ्यांना चिरा पडल्या, पुन्हा बदलल्या, पुन्हा पडल्या. त्यात नवल नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं, मग भेगाळतं. हे मी त्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं आणि त्याने विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं. त्याला टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जिथे जमेल तिथे पोलादी नळी हवी होती.

घाई त्याच्या आईची होती. वेंकूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांचं माहेर आमच्याच गल्लीच्या टोकाला, आणि लग्न झाल्यावर त्या तिथून याच गाडीत बसून ओरत्तनाडूला गेल्या होत्या. त्यांना एकदा तसंच जायचं होतं, याच गल्लीतून, याच गाडीतून. दिवस त्यांनीच पंचांग बघून ठरवला. शुक्रवार, पण साडेदहाच्या आत, कारण त्यानंतर राहुकाळ.

रघुरामांनी आठवडाभर काम केलं. हेराल्डचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे चाकावर बसून काम करता येतं, आणि ते तसे बसत. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी इंजिनाला पुढून वळसा घालून जाते. कार्ब्युरेटर बसतो नेमका एक्झॉस्टच्या वर, म्हणजे तिथे थेंब पडला तर तापलेल्या लोखंडावर. आधी त्यांनी साधी जस्ती तार घेतली आणि ती इंजिनावर धरून हवी तशी वाकवली. मग तारेकडे बघत नळी वाकवली. सात वळणं. वळणावर नळी चपटली की ती टाकून द्यायची. ही नळी कुठेच चपटली नाही. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी ती मला दाखवली, दोन्ही हातांवर आडवी धरून, बाळ दाखवतात तशी.

एक टोक फुलवायचं राहिलं होतं. नळीचं टोक यंत्रात धरून कर्ण्यासारखं फुलवतात, म्हणजे नट आवळला की ते बैठकीवर घट्ट बसतं. नट मात्र आधी नळीत सरकवावा लागतो. एकदा टोक फुललं की तो आत जात नाही. हे त्यांना झोपेतही ठाऊक. पण मी दारात उभी राहून कॉफीला हाक मारत होते. दोनदा मारली. तिसरी हाक मी नववी ब गप्प करायचे त्या आवाजात मारली. त्यांनी दचकून हँडल फिरवलं, नळी बाहेर काढली आणि टेबलाकडे बघत राहिले. नट टेबलावर होता.

"नट राहिला," ते म्हणाले.

फुलवलेलं टोक कापलं, नट घातला, पुन्हा फुलवलं. नळी पाव इंच आखूड झाली.

"दुसरी करा," मी म्हटलं.

"पुरत्ये. जरा ओढून घेतों."

मला कळलं होतं की त्यांना ती सात वळणं टाकवत नाहीत. मी आणखी बोलायला हवं होतं. घरात सगळ्या गोष्टींत नाक खुपसणारी मी, नेमकी तेव्हा कॉफी निवते म्हणून आत गेले.

त्यांनी नळी ओढून बसवली. पंपाची कळ हाताने दाबून पेट्रोल वर आणलं, सांध्यांना कागद गुंडाळले, गाडी कोंडली. सकाळी कागद कोरडे होते, म्हणून काढून टाकले. साडेनवाला शिवराज आणि वेंकूबाई आले. रघुरामांनी त्यांच्यासमोर दार वीतभर उघडलं, नाक घातलं, डोळे मिटले. "सरी," ते म्हणाले. आणि तेव्हा खरोखरच वास नव्हता. इंजिन बंद होतं, नळीत जोर नव्हता, ओढून बसवलेला सांधा गप्प होता.

मग गाडी गल्लीत काढली आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. आवाज छान लागला होता. शेजारचे चारदोन लोक बघायला आले. बॉनेट मिटलं, इंजिन बंद केलं. चाकांखाली लिंबं ठेवली, काचेला चंदन-कुंकू लावलं, पुढे मोगऱ्याचा हार घातला. वेंकूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि लुगड्याचा पदर सारखा करून समोर बघू लागल्या. गाडी आपल्या दारातून पहिल्यांदा निघताना कापूर ओवाळायचा, हे आमच्याकडे सगळेच करतात. आपल्या शेडमधून निघणाऱ्या प्रत्येक गाडीला रघुराम स्वतः ओवाळतात. मी हळद आणि चुना कालवून आरतीचं लाल पाणी करायला आत गेले होते.

पाणी घेऊन बाहेर आले तो तिसऱ्या पायरीवर मला वास आला. शंका येण्याइतका नव्हे, डोळ्यांत पाणी येण्याइतका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, उतरते आणि जमिनीवरून पसरते. आमची गल्ली अरुंद आहे. आणि रघुराम पाच पेटलेल्या कापूरवड्यांचं ताट घेऊन बॉनेटसमोर उभे होते, नुकतेच ओवाळायला लागले होते. ताट वर गेलं, उजवीकडे गेलं आणि खाली बंपरकडे यायला लागलं.

मी एकसष्ट वर्षांची आहे, मला धावता येत नाही. मी चालले, आणि हातातलं सगळं पाणी त्या ताटावर फेकलं.

कापूर विझला. रघुरामांचा पांढरा सदरा छातीपासून खाली लाल झाला. 

"माझ्या गाडीपुढची आरती विझवलीस, भागीरथी?" वेंकूबाई आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

"पेट्रोल गळतें आहे, अक्का. पहिलें खालीं उतरा."

शिवराजने आईला हात देऊन उतरवलं. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. चार घरांतले लोकही माझ्याकडे बघत नव्हते. सगळे रघुरामांकडे बघत होते.

"मामा," शिवराज म्हणाला, "तुम्ही एकदां नाक लावा."

रघुरामांनी ताट खाली ठेवलं. लाल सदरा घालून ते वाकले, बॉनेटच्या फटीशी नाक नेलं, डोळे मिटले आणि तीन श्वास घेतले. वीस वर्षं मी बघत आले तसंच, तेवढ्याच संथपणे. मी हातभर अंतरावर पदराने नाक दाबून उभी होते. त्यांनी पदर लावला नव्हता. त्यांच्या पापणीचा केससुद्धा हलला नव्हता. आणि तिथे, दहा वाजून पाच मिनिटांनी, मला सगळं कळलं. सांध्यांवरचे कागद कळले. कॉफी कळली. मला भीती वाटली, आयुष्यात वाटली नव्हती एवढी. कारण ते आता "सरी" म्हणाले असते तर सगळ्यांनी त्यांचंच ऐकलं असतं, आणि कापूर पुन्हा पेटला असता.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. क्षमा मागत नव्हते. वास आहे का, एवढंच विचारत होते. मी होकारार्थी मान हलवली.

"मज कळत नाहीं," ते शिवराजला म्हणाले. "मज वासच येत नाहीं. चार वर्षें झालीं."

कोपऱ्यावरून एक मोपेड आली आणि गर्दी बघून परत वळून गेली.

"मज आला होता, मामा," शिवराज हळूच म्हणाला. "गाडी बाहेर काढली तेव्हांच आला. पण तुम्ही सरी म्हणालांत. मीं समजलों, जुन्या गाडीचा असेल, मजच उगीच भास होतो आहे."

रघुराम शेडच्या पायरीवर बसले. मी पाणी टाकलं त्याने नव्हे, सगळ्यांदेखत कबूल करावं लागलं त्यानेही नव्हे, या वाक्याने ते बसले. समोरच्याला स्वतःचं नाक असताना त्याने ते ह्यांच्या भरवशावर बाजूला ठेवलं होतं. त्यांचा चेहरा बघून माझा राग तेवढ्यापुरता कुठच्या कुठे गेला. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण गल्लीत तसं बसत नाहीत.

बॉनेट उघडून थोडा वेळ वारा लागू दिला. कार्ब्युरेटरचा सांधा ओला होता आणि खाली एक्झॉस्टवर डाग पडून वाळत होते. ओढून बसवलेलीच ती नळी.

पहिल्या बोलल्या त्या वेंकूबाई. "आतां राहुकाळ लागतो आहे. बारापर्यंत मी कोठें जात नाहीं. दीड तास आहे. काय करायचें तें करा."

शिवराजला ते पसंत नव्हतं. गाडी ट्रकवर घालून परत न्यावी, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. वेंकूबाई म्हणाल्या, "ह्याचे हात गेले नाहींत नव्हे?" आणि आमच्या ओट्यावर खुर्ची मागवून बसल्या.

रघुरामांनी सदरा बदलला नाही. पुदुक्कोट्टैच्या कुणाच्या ट्रॅक्टरसाठी ठेवलेली नळी काढली, जुनी तार समोर धरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तीन वळणं, चार वळणं. पाचवं चपटलं. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि उरलेला तुकडा पुरेल का ते तारेला लावून बघितलं. दोन बोटं जास्त होता. पुन्हा पहिल्यापासून. मी दारात उभी राहिले आणि कशालाही हाक मारली नाही. टोक यंत्रात धरताना मात्र राहवलं नाही.

"नट," मी म्हटलं.

"घातला," ते म्हणाले.

नळी कुणीही न ओढता आपली आपण जागेवर बसली. इंजिन सुरू केलं आणि वीस मिनिटं चालू ठेवलं. मग त्यांनी टॉर्च घेतला आणि एकेका सांध्यावर उजेड पाडत गेले, आणि मी एकेका सांध्याशी नाक नेत गेले. टाकीपाशी, खाली जमिनीवर पालथी पडून, पंपापाशी दोन, पुढच्या वळणावर. मुलांना मी शिकवत असे, की बाटलीत नाक घालायचं नाही, हाताने वास आपल्याकडे ओढायचा. तसं केलं.

"येथें?"

"नाहीं."

"येथें?"

"नाहीं."

कार्ब्युरेटरच्या सांध्यापाशी मी मुद्दाम वेळ लावला. तीन नव्हे, पाच-सहा श्वास घेतले. त्यांनी टॉर्च सांध्यावरून माझ्या तोंडावर आणला. माझा तेवढा हक्क होता.

"मामी?" शिवराजने विचारलं.

"सरी," मी म्हटलं. तो शब्द माझ्या तोंडात फार जड लागला. रोज तो म्हणून माणसं रस्त्याला लावणं किती अवघड असेल ते मला तेव्हा कळलं, आणि वासच येत नसताना म्हणणं तर त्याहून.

बारा वाजून गेल्यावर वेंकूबाईंनी माझ्याकडूनच पुन्हा आरती करून घेतली, कापूर जरा लांबून. मग त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि आपल्या माहेरच्या दारासमोरून गाडी हळू न्यायला सांगून ओरत्तनाडूला गेल्या.

त्या दुपारी मी बोलले. चार वर्षांचं बोलले. गल्लीला ऐकू गेलं असेल तर जावो. पेटलेला कापूर, आत बसलेली म्हातारी, ते सगळं बोलून झालं आणि मग मी साराशी आले. "गेल्या पोंगलाला हिंगाचा डबाच खराब निघाला होता, मीं स्वतः सार ओतून टाकलें, तेव्हांही तुम्ही वास छान म्हणालांत."

 ते म्हणाले, "तूं रोज विचारीत होतीस. रोज नाहीं कसें म्हणूं?"

 

आता गिऱ्हाईक आलं की रघुराम आधीच सांगतात, "हात माझे, नाक हिचें." दोन गिऱ्हाइकं ते ऐकून निघून गेली. बाकीचे थांबतात. रोज सकाळी शेडचं दार ते वीतभर उघडतात आणि बाजूला सरकतात. मी नाक घालते, तीन श्वास घेते. डोळे मात्र मी मिटत नाही, ते नाटक मला जमत नाही.

परवा सकाळी त्यांना कॉफी दिली आणि सवयीनं विचारून बसले, "कशी आहे?"

त्यांनी एक घोट घेतला. मी वाट बघत उभी होते. चार वर्षं जे ऐकलं तेच ऐकायची माझ्या कानांना अजून भूक होती, हे मला स्वतःलाच कळलं आणि लाज वाटली.

"गरम आहे," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले. वासाचं त्यांना काहीच कळत नव्हतं, आणि जेवढं कळत होतं तेवढंच त्यांनी सांगितलं होतं.

"दूध जरा करपलें आहे," मी म्हटलं.

"सरी," ते म्हणाले, आणि उरलेली पिऊन टाकली.